‘ठाऊक नाही’चा अभ्यासक्रम

आपल्या समाजात डॉक्टरने कधीही तोंडावाटे काढू नये असे एक वाक्य आहे. ते म्हणजे ‘मला ठाऊक नाही’. वकिलाने ते म्हटले तर आपण दुसरा वकील गाठतो. ज्योतिषाने म्हटले तर त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करतो. प्राध्यापकाने म्हटले तर वर्गातली मुले आनंदाने बाके वाजवतात, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. पण डॉक्टर असे म्हणाला की आपल्या पायांखालची जमीनच सरकते. फी देऊन आपण औषध घेतो खरे, पण त्याहून अधिक आपल्याला खात्री हवी असते. ‘दोन दिवसांत बरे वाटेल’ या चार शब्दांनी निम्मा ताप उतरल्याचा अनुभव कुणाला नाही?

अशा या समाजात ‘ठाऊक नाही’ हे वाक्य रीतसर कसे म्हणावे याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि त्यासाठी शहाणीसुरती माणसे पदरचे पैसे भरून शनिवार-रविवारी वर्गात जाऊन बसतात, ही गोष्ट मला अगदी अलीकडे कळली. कळली ती माझ्या भाचीमुळे.

भाची परिचारिका आहे. नर्सिंगची पदवी घेऊन तिने घाटकोपरच्या एका खाजगी रुग्णालयात पाच वर्षे काढली. सलाइन, इंजेक्शने, रात्रपाळ्या, आणि नातेवाइकांचे ‘सिस्टर, आमचा पेशंट कधी घरी जाणार?’ हे पालुपद. आणि एके दिवशी तिने घरात जाहीर केले की आपण क्लिनिकल रिसर्चचा, म्हणजे रुग्णांवर करायच्या औषध-संशोधनाचा, पदव्युत्तर डिप्लोमा करणार. ताई म्हणाली, ‘रिसर्च हे डॉक्टर लोकांचं काम. तू कसलं संशोधन करणार?’ मेहुण्यांनी फीचा आकडा विचारला, तो ऐकला आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडले. माझी आई तेवढी आस्थेने म्हणाली, ‘त्यात उंदीर मारावे लागतात का गं?’

‘नाही आजी,’ भाची म्हणाली, ‘उंदरांचं काम आधीच झालेलं असतं. आमच्याकडं माणसं येतात.’

हे उत्तर ऐकून आईची काळजी कमी झाली असे मला वाटत नाही.

पुढे वर्षभर दर शनिवार-रविवारी ती घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जात असे. जाताना उभ्याने टिपणे वाचायची आणि येताना बसायला मिळाले तर झोपायची. तिच्या वर्गातली मंडळी मोठी गमतीची होती. एक दंतवैद्य, दोन होमिओपाथ, एक आयुर्वेदाची पदवीधर, एक फिजिओथेरपिस्ट, आणि बाकी बरीचशी फार्मसीची मुले. ज्याचा त्याचा इलाज वेगळा आणि इलाजावरची श्रद्धाही वेगळी! पण पहिल्याच आठवड्यात या सर्वांना एकाच ओळीत बसवून विचारण्यात आले, ‘तुमच्या औषधाने रोगी बरा झाला, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?’ रोगी तर न औषध घेताही बरे होतात. काही नुसत्या विश्वासाने बरे होतात. आणि काही बरे होत नाहीत, पण ते पुन्हा येत नाहीत म्हणून आपण त्यांना बरे झालेल्यांत मोजतो. भाची सांगत होती, त्या दिवशी घरी परतताना वर्गातले कुणीच फारसे बोलले नाही.

हा अभ्यासक्रम म्हणजे या प्रश्नाचे लांबलचक उत्तर. नवे औषध प्रथम थोड्या माणसांना, बहुधा निरोगी स्वयंसेवकांना देऊन ते कितपत सोसते ते पाहायचे. मग थोड्या रोग्यांत त्याचा गुण पाहायचा. मग शेकडो-हजारोंमध्ये जुन्या औषधाशी त्याची तुलना करायची. आणि औषध बाजारात आल्यानंतरही त्यावर नजर ठेवायची. अशा या चार पायऱ्या. त्यासाठी संख्याशास्त्र शिकायचे. १९४७ ची न्यूरेंबर्गची संहिता, १९६४ चा हेलसिंकीचा जाहीरनामा आणि आपल्या सरकारचे २०१९ चे नियम घोकायचे. शिवाय चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद सरकारी नोंदवहीत करायची. २००९ च्या जूनपासून आपल्याकडे हे सक्तीचे आहे. कारण यशस्वी झालेल्या चाचण्यांचा डंका वाजतो आणि फसलेल्या कपाटात जातात, असे होऊ नये. हे सारे शिकून पुढे काय? तर कुणी औषध कंपन्यांच्या कचेऱ्यांत आकडे तपासतात, कुणी दुष्परिणामांच्या नोंदी ठेवतात, आणि कुणी रुग्णालयात रोगी व संशोधक यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करतात. भाचीला हे शेवटचे काम हवे होते.

येथवर माझा या विषयाशी संबंध मामा एवढाच. पण एका रविवारी ती कागदांचा गठ्ठा घेऊन मुलुंडला आमच्याकडे आली. ‘मामा, तू मराठीचा प्राध्यापक ना? हे जरा बघ.’

ते एक संमतिपत्र होते. चाचणीत भाग घेणाऱ्याला सगळे समजावून सांगून मग त्याची सही घ्यायची, आणि हे कागद त्याला कळेल अशा भाषेत असले पाहिजेत, असा नियम आहे. वर्गात सरावासाठी मधुमेहाच्या एका कल्पित गोळीचे इंग्रजी संमतिपत्र आणि त्याचे मुद्दाम दिलेले वाईट भाषांतर त्यांना मिळाले होते. ते दुरुस्त करून आणायचे होते. मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. ‘सदर अभ्यासाच्या दोन बाहूंपैकी एका बाहूत आपणांस यादृच्छिक पद्धतीने नियुक्त करण्यात येईल. सदर अभ्यास दुहेरी अंध आहे.’

आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘दोघंही आंधळे? मग सुई टोचणार कोण?’

आम्ही हसलो खरे. पण मौज अशी, की तिच्या प्रश्नाइतके अचूक परीक्षण मलाही करता आले नसते. गेली वीस वर्षे मी मुलांना शैली शिकवीत आलो आहे. शब्द चुकला तर वाक्य बिघडते, गुण जातात, फार तर कवीचा आत्मा तळमळतो. इथे शब्द चुकला तर माणूस न कळता स्वतःचा देह दुसऱ्याच्या हवाली करणार! आम्ही दोघे कामाला लागलो आणि मला माझी मातृभाषा नव्याने भेटू लागली.

‘प्रयोग’ हा शब्द घ्या. नाटकाचा प्रयोग म्हटले की आपण तिकिटे काढतो. रुग्णालयात प्रयोग म्हटले की आपण पळ काढतो. बरे, ‘चाचणी’ म्हणावे, तर रोग्याला वाटते रक्त तपासायचे आहे. तो बाही वर करून बसतो. ‘अभ्यास’ म्हटले तर ‘करा की अभ्यास, आमचं काय जातंय’ असे म्हणून तो नि:शंक सही करतो. तिन्ही शब्द शुद्ध मराठी, आणि तिन्ही दिशाभूल करणारे. शेवटी भाचीने शब्दांचा नाद सोडला आणि सरळ लिहिले, ‘ही गोळी नवी आहे. ती उपयोगी पडते की नाही, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. तेच शोधण्यासाठी तुमची मदत मागत आहोत.’ ‘यादृच्छिक’ला आम्ही ‘चिठ्ठी टाकल्याप्रमाणे’ केले. ‘दुहेरी अंध’ गेले आणि त्या जागी आले, ‘तुम्हाला कोणती गोळी मिळते ते तुम्हालाही सांगणार नाही आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही सांगणार नाही.’

मग तिने तो सगळा मजकूर आजीला वाचून दाखवला. आई सातवीपर्यंत शिकलेली. स्वतःला गेली पंधरा वर्षे मधुमेह. म्हणजे परीक्षक म्हणून तिच्याइतके योग्य माणूस मिळणे कठीण. तिने तांदळाचे ताट बाजूला ठेवले.

‘म्हणजे मला औषधाची गोळी मिळेल की नुसती पिठाची, हे तुला ठाऊक नाही?’

‘नाही आजी. पण तुझ्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतील. ही त्यांच्या जोडीला.’

‘आणि डॉक्टरांना?’

‘त्यांनाही नाही. त्यांना कळलं तर औषधाच्या माणसाकडं ते जरा जास्त आशेनं बघतील.’

आईला हे पटले. जावयाला ताटात काय वाढले आहे ते ठाऊक असले की सासू चव विचारताना कशी विचारते, ते तिला चांगले माहीत आहे. मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, ‘आणि मी नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी डॉक्टर मला नीट तपासतील ना?’

या प्रश्नाचे उत्तर मजकुरात होते. ‘आपला सहभाग ऐच्छिक असून नकार दिल्यास आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही.’ ते होते सातव्या पानावर. भाची काही बोलली नाही. तिने पेन काढले, सातव्या पानावरचे ते वाक्य खोडले आणि पहिल्या पानावर सर्वांत वर लिहिले, ‘तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. आम्ही तुम्हाला पूर्वीसारखेच तपासू.’

त्या संध्याकाळी तिने मला तिच्या टिपणांतली भायखळ्याची हकिकत सांगितली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने कैद्यांतून तयार झालेल्यांना लस टोचली. उरलेले तसेच राहिले. लस घेतलेल्या १४७ जणांत दोघांना प्लेग झाला आणि कुणीच दगावले नाही. लस न घेतलेल्या १७२ जणांत १२ जणांना झाला आणि सहा जण मेले. परळच्या ज्या संस्थेला आज हाफकिनचे नाव आहे, तिच्यामागे असा हा तुरुंगातला हिशेब आहे.

मी म्हणालो, ‘वा! केवढं धैर्य!’

‘कुणाचं? हाफकिनचं?’ भाची म्हणाली. ‘त्याचं होतंच. पण मामा, आमच्या बाईंनी विचारलं होतं, तुरुंगातला माणूस साहेबाला “हो” म्हणतो तेव्हा तो कितपत मोकळेपणानं म्हणतो? आणि वॉर्डातला रोगी?’

मला एकदम आईचा प्रश्न आठवला. तुरुंगात गज असतात. ओपीडीत नसतात एवढेच. ज्याच्या हाती आपला जीव, त्याला तोंडावर नाही कसे म्हणावे? आपल्याकडे तर ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य रोगी खुर्चीवर बसण्यापूर्वीच म्हणून मोकळा होतो. त्यामागे विश्वास असतो, तशीच थोडी भीतीही असते. म्हणूनच वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा, असा नियम केलेला आहे. आणि चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत किमान सात माणसे हवीत, त्यांत डॉक्टर, कायदेपंडित यांच्याबरोबर एक सामान्य माणूसही हवा, असे कायदाच सांगतो. सामान्य असणे ही जिथे पात्रता ठरते अशी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, इतका जर घोर आहे तर या चाचण्या करायच्याच कशाला? अनुभवी डॉक्टरांना कळत नाही का? याचे उत्तर आपल्याच देशात, मद्रासला मिळालेले आहे. एके काळी क्षय म्हणजे सॅनेटोरियम हे समीकरण होते. आमच्या आजोळी दोन माणसे मिरजेला गेली होती. घरच्या बायकांनी त्यांच्यासाठी वर्ष वर्ष वाट पाहिली. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी यांवाचून क्षय हटत नाही, आणि रोगी घरी ठेवला तर सारे घर धोक्यात, हे डॉक्टरांना पक्के ठाऊक होते. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांचे केंद्र निघाले. तिथल्या संशोधकांनी ‘आम्हाला हे ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धाडस केले. गरीब वस्तीतले १९३ रोगी घेऊन, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्मे सॅनेटोरियमात पाठवले आणि निम्मे घरीच ठेवले. औषध दोघांना एकच. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि घरातल्या माणसांनाही त्यामुळे अधिक धोका पोचला नव्हता. त्यानंतर हळूहळू सॅनेटोरियमे ओस पडली. किती संसारांची ताटातूट वाचली याचा हिशेब कोण करणार? ‘पक्के ठाऊक’ असणाऱ्यांच्या हातून हे झाले नसते.

पण मद्रासचे उदाहरण सांगून हा विषय संपवणे हा लबाडपणा ठरेल. कारण आपल्या मुंबईतलेच दुसरे एक उदाहरण इतके सरळ नाही. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या झोपडवस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक चाचणी सुरू केली. वस्त्यांचे २० गट पाडले. दहा गटांतल्या ७५,३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी तपासायचे. दहा गटांतल्या ७६,१७८ स्त्रियांना एकदा रोगाची माहिती द्यायची, तपासणी नाही. तपासणीही किती साधी! सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले व्हिनेगरच, लावून पाहायचे; दोषी भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या होत्या शिकवून तयार केलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायका. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले. तपासलेल्या गटांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

जगभर कौतुक झाले. आणि जगभर वादही झाला. तपासणी न केलेल्या गटांतल्या ज्या बायका गेल्या, त्यांचे काय? टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतात हे आधीच पुरेसे ठाऊक होते, आणि त्या बायकांना नीट सांगून संमती घेतली होती का? संशोधक म्हणाले, त्या काळी या वस्त्यांत कुठलीच तपासणी नव्हती, आणि इतक्या स्वस्त उपायाने मृत्यू खरोखर टळतात हे दाखवल्यावाचून कोणतेही सरकार तो हाती घेणार नव्हते. भाचीच्या वर्गात यावर अख्खा रविवार वाद झाला. मी तिला विचारले, ‘तुझी बाजू कोणती?’

ती म्हणाली, ‘तपासणाऱ्या बायकांकडं बघितलं की वाटतं, हेच काम मला करायचंय. आणि दुसऱ्या गटातल्या एखाद्या बाईच्या मुलीनं मला विचारलं, की माझ्या आईला का नाही तपासलं, तर तिला काय सांगू ते मला ठाऊक नाही.’

या विषयात तिला किती गुण मिळाले ते मी विचारले नाही.

आता तिचा डिप्लोमा झाला. वॉर्ड सोडून ती दुसऱ्या एका रुग्णालयात चाचण्यांची समन्वयक म्हणून काम करते. रात्रपाळी सुटली म्हणून ताई खूश आहे. पगार फारसा वाढला नाही म्हणून मेहुणे नाखूश आहेत. मला मात्र वाटते, या कामाला परिचारिकाच हवी. डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर रोगी हळूच विचारतो, ‘सिस्टर, खरं सांगा, काय करू?’ हा प्रश्न ती पाच वर्षे ऐकत आलेली आहे. पूर्वी ती म्हणे, ‘डॉक्टर सांगतात तसं करा.’ आता तिला तसे म्हणता येत नाही. ‘हे ठाऊक आहे, हे ठाऊक नाही, आणि ठरवायचं तुम्ही,’ असे म्हणावे लागते. आणि ते म्हणून झाल्यावर गप्प बसावे लागते. गप्प बसणे हे त्यातले सर्वांत कठीण, असे तिचे मत आहे.

मागच्या महिन्यात एका रिक्षावाल्या काकांना तिने तास-दीड तास बसून सगळे समजावले. नाव-गाव तिने आम्हालाही सांगितले नाही. ते तिच्या धर्मात बसत नाही. काका म्हणाले, घरी विचारून सांगतो. कागद घेऊन गेले, दोन दिवसांनी परत आले आणि म्हणाले, ‘पोरगी नको म्हणते.’ चाचणीला माणसे कमी पडत होती. कचेरीत कुणाचा तरी चेहरा उतरला. भाचीने कागदावर ‘नकार’ अशी नोंद केली, काकांना चहा विचारला आणि पुढच्या तारखेचे कार्ड त्यांच्या हाती दिले.

ती तारीख गेल्या सोमवारची होती. काका आले होते. रांगेत उभे राहिले, साखर तपासून घेतली, डॉक्टरांशी नेहमीसारखे बोलले, आणि जाताना तिच्या टेबलापाशी थांबून त्यांनी विचारले, ‘सिस्टर, ते तुमचं नव्या गोळीचं काय झालं? कळलं का काही?’

‘अजून नाही, काका,’ ती म्हणाली.

‘कळलं की सांगा,’ असे म्हणून ते रिक्षाकडे गेले.